ते नाव सोडून बोला

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. पुण्यात सकाळचे पावणेअकरा वाजले होते. पेपरात आदल्या दिवशीच्या अर्थसंकल्पाची पानंच्या पानं होती आणि बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झाल्याचा आनंद पोह्यांबरोबर चघळला जात होता. तेवढ्यात टेक्सासमधून भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे शनिवारची रात्र, सव्वाअकराचा सुमार. अशा वेळी परदेशातून फोन आला की बोलणं सुरू व्हायच्या आधीच पोटात गोळा येतो.

"मामा, लुकाला देऊन टाकलं."

"कोणाला देऊन टाकलं?"

"लेकर्सना. अँथनी डेव्हिस घेतला आणि लुका दिला."

मी म्हटलं, कुणीतरी चेष्टा केली असेल. तो म्हणाला, "सगळे तेच म्हणतायत. ज्याने बातमी दिली त्याचं खातं हॅक झालंय म्हणे. नाही झालेलं, मामा. खरं आहे." मागून त्याच्या बायकोचा आवाज येत होता, "अरे, हळू बोल, ती झोपलीय." ती म्हणजे त्यांची सात वर्षांची मुलगी. २०२२ साली डॅलस मॅव्हरिक्सचा बास्केटबॉल संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचला, तेव्हा बापाने तिला लुका डॉन्चिचची ७७ क्रमांकाची निळी जर्सी आणली होती. आपल्याकडे मुलांचे कपडे आणतात तशीच, वाढत्या अंगाची. पहिल्या वर्षी ती तिच्या गुडघ्याखाली लोंबत होती. आता कुठे ती अंगात बसायला लागली होती.

त्या फोनमध्ये मला सगळ्यात जास्त नवल एका गोष्टीचं वाटलं. हा मुलगा गेली कित्येक वर्षं रोज रात्री खेळाडूंची अदलाबदल करत होता. कागदावर, फोनवर, मित्रांच्या बार्बेक्यूला, माझ्याशी बोलताना. एक सोडला तर अख्ख्या संघातला एकही माणूस त्याने विकायचा ठेवला नव्हता. आणि आज खरोखरचा सौदा झाल्यावर त्याला बोलता येत नव्हतं.

*

अमेरिकेतल्या बास्केटबॉल चाहत्यांचं हिवाळी अधिवेशन नागपूरच्या अधिवेशनासारखंच डिसेंबरात भरतं. उन्हाळ्यात नवे करार केलेल्या बहुतेक खेळाडूंना १५ डिसेंबरपर्यंत दुसऱ्या संघात धाडता येत नाही. ती तारीख उलटली की बाजार उघडतो, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दुपारी तीनच्या ठोक्याला बंद होतो. त्या हंगामात तो दिवस ६ फेब्रुवारी होता. मधल्या सात आठवड्यांत बॉस्टनपासून लॉस एंजेलिसपर्यंत तीसही संघांच्या गावांत एकच चर्चा चालते : आपल्याला काय कमी आहे, कुणाला दिलं तर ते मिळेल, आणि समोरचा देईल का.

खेळ सोपा दिसतो. संघात पंधरा नेहमीचे करार. त्यांतला एखादा द्यायचा, दुसऱ्या संघातला एखादा घ्यायचा. पण या देवाणघेवाणीत रोकड चालत नाही म्हटलं तरी चालेल. माणसाच्या बदल्यात माणूस द्यावा लागतो, नाहीतर भविष्यात येणाऱ्या माणसावरचा हक्क. म्हणून या गप्पा ऐकताना शेअरबाजारापेक्षा आपल्या दारावर येणाऱ्या बोहारणीची आठवण जास्त येते. जुनी पातळं, उसवलेल्या पँटी पुढ्यात टाकायच्या आणि नजर तिच्या पाटीतल्या मोठ्या पातेल्यावर ठेवायची. ती एकेक कपडा उजेडात धरणार, काखेतला विरलेला भाग नेमका शोधणार आणि म्हणणार, "ताई, याला वाटी येईल."

चाहत्यांच्या टोळक्यात या बाजाराचे ठरावीक भिडू असतात. पहिला असतो हिशोबनीस. त्याला प्रत्येकाचा पगार, कराराची उरलेली वर्षं, सगळं तोंडपाठ. कुणी हौसेने एखादं स्वप्न मांडलं की हा शांतपणे म्हणतो, "पगार जुळत नाहीत." दुसरा असतो पातेलंवाला. याला आपले दोन बाकावरचे खेळाडू आणि एक म्हातारा देऊन समोरच्याचा तारा हवा असतो, आणि समोरच्याला तो सौदा का नको हे त्याला मनापासून कळत नाही. तिसरा जुनी उणीदुणी काढणारा. कोणत्याही नव्या प्रस्तावावर तो दहा वर्षांपूर्वीच्या फसलेल्या सौद्याचं नाव घेतो आणि मान हलवतो. चौथा म्हणतो, "काहीच करू नका. आहेत ती पोरं मोठी होऊ द्या." त्याचं कुणी ऐकत नाही, आणि पुष्कळदा तोच बरोबर निघतो.

भाचा हा हिशोबनीस. त्याला पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या कोर्टावर मीच पहिल्यांदा नेलं होतं, तेव्हा तो बास्केटकडे बघून चेंडू फेकायचा आणि चेंडू माझ्याकडे यायचा. आता तो प्लेनोत राहतो. डॅलसच्या आसपास अर्व्हिंग, प्लेनो, फ्रिस्को इथे मराठी घरं भरपूर. २०१९ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही डॅलसलाच भरलं होतं. त्याच्या दिवाणखान्यात आठ-दहा जण जमतात. पावभाजी, सामना आणि सौदे. फोनवर 'ट्रेड मशीन' उघडलेलं असतं. ईएसपीएनच्या या यंत्रात संघ निवडायचे, नावं इकडची तिकडे सरकवायची, आणि ते सांगतं की नियमात बसतं की नाही. शहाणपणाचं आहे की नाही, ते सांगत नाही.

*

पगार जुळण्याची ही भानगड समजून घेतल्याशिवाय या वादाची गोडी कळत नाही. १९८४-८५ च्या मोसमापासून एनबीए या लीगने संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली. त्या वर्षी ती होती ३६ लाख डॉलर. २०२४-२५ मध्ये ती सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलरवर गेली. ही मर्यादा लवचीक आहे. स्वतःचे खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडता येते, आणि जवळपास सगळेच ओलांडतात. पण एकदा ओलांडली की बाहेरचा महागडा खेळाडू घेताना साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात.

यातून एक विचित्र प्राणी जन्माला आला : संपत आलेला करार. खेळाडू जेमतेम, वयाने उतरलेला, पण पगार दोन कोटी आणि करार येत्या जूनमध्ये संपणारा. त्याची किंमत तो किती गुण करतो यावर नसते. तो लवकर जाणार आहे, हाच त्याचा गुण. चाहते त्याचं नाव घेतच नाहीत. "दोन कोटींचा संपणारा" म्हणतात. भाचा एकदा असंच काहीसं बोलून गेला तेव्हा मी विचारलं, "अरे, त्याला नाव आहे ना?" तो हसला. "आहे, पण ट्रेडमध्ये उपयोगाचं नाही."

२०२३ च्या नव्या करारनाम्याने नियम आणखी आवळले. त्यात एक शब्द ठळक झाला, एप्रन. खर्चाची एक रेघ ओलांडली की पहिला एप्रन, त्याच्या वरची ओलांडली की दुसरा. २०२४-२५ मध्ये दुसरा एप्रन १८ कोटी ८९ लाख डॉलरवर होता. तो ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, म्हणजे पातेलंवाल्याची सगळी स्वप्नं मोडीत. स्वयंपाकघरातला हा शब्द पुरुषांच्या दिवाणखान्यात इतक्या गंभीरपणे बोलला जातो, की भाच्याच्या बायकोने एकदा विचारलं म्हणे, "हे एप्रनबद्दल एवढं बोलता, तर एकदा बांधून भांडी घासायला या ना."

माणसांनंतर चलन म्हणजे ड्राफ्टचे हक्क. दर उन्हाळ्यात नवे खेळाडू दोन फेऱ्यांत निवडले जातात. त्या निवडीचा आपला हक्क संघ सात वर्षं पुढपर्यंत देऊ शकतो. २०२५ मध्ये शाळेत सहावीत असलेला मुलगा त्याच वर्षी वायद्याने विकला गेलेला असू शकतो. लागोपाठ दोन भावी वर्षांचा पहिल्या फेरीचा हक्क सोडता येत नाही, असा एक नियम आहे. तो 'स्टेपियन नियम' म्हणून ओळखला जातो. क्लीव्हलँडचे १९८० च्या दशकातले मालक टेड स्टेपियन यांनी हक्क इतके उधळले, की शेवटी लीगला त्यांच्यापासून त्यांचाच संघ वाचवावा लागला. नियमाला आपलं नाव लागावं असं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या फेरीचे हक्क म्हणजे भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीर. सौदा अडला की "घ्या, दोन सेकंड राऊंडही घ्या." पण त्याच कोथिंबिरीत कधी काय निघेल सांगता येत नाही. २०१५ साली याच दुसऱ्या फेरीत, ५२ व्या क्रमांकावर डॅलसनेच पंजाबच्या सतनाम सिंगला निवडलं. भारतात जन्मलेला आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. मुख्य लीगचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याच फेरीत ४१ व्या क्रमांकावर डेन्व्हरने निकोला योकिच घेतला, आणि तो पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

*

सौदा कोण जिंकलं, हा या मंडळींचा कधीही न संपणारा वाद. आणि या वादाचा एक धडा चक्क मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आपल्या डोळ्यांसमोर उभा होता. आपल्यालाच तो तेव्हा माहीत नव्हता.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ या दोन दिवशी एनबीएचे पहिले सामने भारतात झाले. इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रमेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे त्यांच्या लेखी ते माहेरपण होतं. पहिल्या दिवशी गॅलऱ्या शाळकरी मुलांनी भरल्या होत्या, आणि जादा वेळेत गेलेला तो सामना पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. पेसर्सकडून डोमँटस सबोनिस खेळला, किंग्जकडून बडी हिल्ड.

दोन वर्षं आणि चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, याच दोन संघांनी सौदा केला. सबोनिस सॅक्रमेंटोला गेला, हिल्ड इंडियानाला आला, आणि हिल्डबरोबर एक एकवीस वर्षांचा पोरगा आला, टायरीस हॅलिबर्टन. मुंबईच्या वेळी तो लीगमध्येच नव्हता. सॅक्रमेंटोचे चाहते संतापले. त्यांच्या टेबलावर सौद्यासाठी सगळी नावं होती, हॅलिबर्टनचं सोडून.

मग २०२३ आलं. सबोनिसने लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड घेतले आणि किंग्जनी सोळा मोसमांचा प्लेऑफचा उपास सोडला. संतापलेले लोक वरमले. "बघा, सौदा चांगलाच होता." मग २०२४ आलं, पेसर्स पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत गेले. पुढच्या वर्षी ते थेट एनबीएच्या अंतिम फेरीत, हॅलिबर्टनच्या शेवटच्या क्षणांतल्या बास्केटांच्या जोरावर. वरमलेले लोक पुन्हा संतापले. आणि मग २२ जून २०२५ ला, सातव्या सामन्यात, हॅलिबर्टनच्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि अजिंक्यपद ओक्लाहोमा सिटीला गेलं. सौदा कोण जिंकलं? ज्या वर्षी विचाराल त्या वर्षीचं उत्तर मिळेल.

त्या ओक्लाहोमाची गोष्ट घ्या. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी पॉल जॉर्ज हा तारा लॉस एंजेलिस क्लिपर्सना दिला; बदल्यात पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक वर्षाचा अनुभव असलेला खेळाडू. त्या रात्री क्लिपर्सचे चाहते नाचत होते. सहा वर्षांनी अजिंक्यपदाच्या रात्री शे ओक्लाहोमाचा नायक होता, आणि त्या पाच हक्कांतल्या एकातून आलेला जेलन विल्यम्स त्याच्या बाजूला.

आणि सौद्यांच्या पुराणातली सगळ्यात मोठी कथा : २०१३ मध्ये ब्रुकलिनने बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पीअर्स घेतले. एक सदतीस वर्षांचा, दुसरा पस्तीसचा. बदल्यात पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले आणि एका वर्षी हक्कांची अदलाबदल मान्य केली. म्हातारे दोन वर्षांच्या आतच पांगले. हक्क मात्र पिकत राहिले. त्यांतून बॉस्टनला जेलन ब्राऊन मिळाला आणि पुढच्या एका उलाढालीने जेसन टेटम. जून २०२४ मध्ये या दोघांनी बॉस्टनला अजिंक्यपद मिळवून दिलं. अंतिम फेरीत त्यांनी ज्यांना हरवलं तो संघ डॅलस होता. तेव्हा लुका पंचवीस वर्षांचा होता, आणि भाच्याच्या दिवाणखान्यात एकच वाक्य फिरत होतं : "आणखी एक माणूस हवा. एकच."

*

डॅलसच्या चाहत्याला विश्वासाची सवय एका माणसाने लावली होती. डर्क नोवित्स्की. जर्मनीहून आलेला हा उंच पोरगा १९९८ मध्ये मिलवॉकीने निवडला आणि त्याच रात्री सौद्यात डॅलसला दिला. म्हणजे त्याचं डॅलसशी नातंही सौद्यानेच जुळलं. पण त्यानंतर तो एकवीस मोसम हललाच नाही. २०११ मध्ये त्याने संघाला एकमेव अजिंक्यपद दिलं. अमेरिकन एअरलाइन्स सेंटरच्या बाहेर त्याचा पांढरा पुतळा उभा आहे, एका पायावर मागे झुकून चेंडू टाकतानाचा, आणि त्याखाली निष्ठेबद्दलची ओळ आहे. डर्क निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी लुका आला. स्लोव्हेनियाचा, रेआल माद्रिदमध्ये वाढलेला. अटलांटाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि ट्रे यंगच्या बदल्यात त्याच रात्री डॅलसला दिलं. त्यामुळे चाहत्यांना वाटलं, चला, आता पुढची वीस वर्षं लागली.

म्हणून डॅलसचे सगळे हिवाळी वाद लुकाभोवती फिरत, पण लुकाला शिवत नसत. २०२३ मध्ये कायरी अर्व्हिंग आला तेव्हा वाद, कशाला हवा हा लहरी माणूस. २०२४ मध्ये पी. जे. वॉशिंग्टन आणि डॅनियल गॅफर्ड आले तेव्हा वाद, हक्क उधळले. दोन्ही सौदे चालले आणि संघ अंतिम फेरीत गेला. भाचा मला दर आठवड्याला नवी मांडणी पाठवायचा. मी जुना पुणेरी, खोड काढायला एकदा म्हटलं, "मग लुकालाच दे की, सगळे मिळतील." तो क्षणभरही थांबला नाही. "मामा, ते नाव सोडून बोल."

हे वाक्य मी नंतर खूप आठवलं. कारण तेच या खेळाचं मर्म आहे. चौदा नावं टेबलावर असतात म्हणून पंधराव्याला टेबलाबाहेर ठेवता येतं. बाकी सगळ्यांना आकडे करून टाकलं, की त्या एकाला माणूस ठेवण्याची चैन परवडते. संघ बदलत राहतो, मालक बदलतात, प्रशिक्षक बदलतात, स्टेडियमची नावंसुद्धा बदलतात. मग चाहता नक्की कोणाचा असतो? तो त्या एका न विकायच्या नावाचा असतो.

आणि डॅलसने नेमकं तेच नाव लॉस एंजेलिस लेकर्सना विकलं. डेव्हिस, मॅक्स ख्रिस्ती आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा एक हक्क, एवढ्यात. लुकाबरोबर दोघे अनुभवी खेळाडूही गेले. जमाखर्च जुळवायला युटाला मध्ये घेतलं आणि त्यांना एक तरुण खेळाडू आणि कोथिंबिरीचे दोन हक्क दिले. डेव्हिस आणि लुकाचे पगार प्रत्येकी सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर. यंत्रात घातलं असतं तर पटकन होकार आला असता. कुणी घातलंच नव्हतं.

जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचं म्हणणं होतं की अजिंक्यपदं बचावाने जिंकली जातात, आणि डेव्हिस हा बचावाचा राजा. लुकाच्या तंदुरुस्तीबद्दल कुजबूज होती; नाताळपासून तो पोटरीच्या दुखापतीने बाहेर होता. हे सगळं ऐकूनही हिशोबनीस मंडळींचा एक साधा प्रश्न उरला. आपण गावाकडची दोन गुंठे जमीन विकायची तरी चार दलालांना विचारतो. बातम्यांत तर होतं की बोलणी फक्त लेकर्सशी झाली, गुपचूप. "मामा, बाजारात आणलाच नाही," भाचा पुन्हा पुन्हा म्हणत होता. "ज्याला सगळ्यांनी बोली लावली असती, तो एकाच गिऱ्हाइकाला दिला."

मला तो राग हिशोबाचा वाटला नाही. घरातलं माणूस गेल्यावर आपण डॉक्टरच्या चुका मोजतो, तसा तो होता. दुसऱ्या दिवशी डर्कच्या पुतळ्यापाशी लोक जमले. फुलं आणली, मेणबत्त्या आणल्या, कुणी तर शवपेटीच आणली.

*

पुढचं वर्ष कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'अतिरंजित' म्हणून परत केलं असतं. ८ फेब्रुवारीला डेव्हिस डॅलसकडून पहिल्यांदा खेळला, २६ गुण आणि १६ रिबाउंड. तिसऱ्या सत्रात दुखापत होऊन बाहेर. मार्चच्या सुरुवातीला कायरीच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. प्रत्येक घरच्या सामन्यात हॅरिसन यांना काढा, अशा घोषणा. ९ एप्रिलला लुका पाहुणा म्हणून परतला. प्रत्येक खुर्चीवर स्लोव्हेनियन भाषेत आभार मानणारे शर्ट ठेवलेले होते. सामन्याआधी पडद्यावर त्याच्या सात वर्षांची चित्रफीत लागली आणि तो टॉवेलने डोळे पुसत बसला. मग उठला आणि ४५ गुण करून डॅलसला हरवलं. स्टेडियम आपल्याच संघाविरुद्ध टाळ्या वाजवत होतं. भाचा तिथे होता. "आम्ही कुणाच्या बाजूने ओरडत होतो तेच कळत नव्हतं," म्हणाला.

मोसम ३९ विजय आणि ४३ पराभवांवर संपला. आणि मग मे महिन्यात नशिबाने खोडी काढली. ड्राफ्टच्या सोडतीत डॅलसला पहिला क्रमांक लागायची शक्यता होती १.८ टक्के. लागला. जूनमध्ये त्यांनी ड्यूक विद्यापीठाचा अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग निवडला, पिढीतून एकदा येणारा म्हणतात तसा. तरीही नवा मोसम तीन विजय आणि आठ पराभवांनी सुरू झाला, आणि ११ नोव्हेंबर २०२५ ला हॅरिसन यांची गच्छंती झाली. घोषणा देणाऱ्यांना हवं ते मिळालं. लुका मात्र लॉस एंजेलिसमध्येच होता.

*

सौदा ही चाहत्याच्या लेखी करमणूक असते. खेळाडूच्या लेखी ती बदली असते. आपल्याकडे सरकारी नोकरांच्या घरात बदलीची ऑर्डर येते तेव्हा निदान रुजू व्हायची मुदत असते, मुलांच्या शाळेचं बघायला जरा वेळ मिळतो. इथे माणूस रात्री एका गावात झोपतो आणि सकाळी दुसऱ्या गावाचा होतो. त्या मोसमात बदलीला स्वतः नकार देण्याचं कलम करारात असणारे लीगभरात दोघेच होते, लेब्रॉन जेम्स आणि ब्रॅडली बील. १९७० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन आणि सहकारी खेळाडू न्यायालयात गेले, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून करार संपल्यावर तरी खेळाडूला हवं तिथे जायची वाट मोकळी होत गेली. मोठे खेळाडू तर करार चालू असतानाही "मला जायचंय" म्हणतात. करीम अब्दुल-जब्बार १९७५ मध्ये तसेच मिलवॉकीहून लॉस एंजेलिसला गेले. खुद्द डेव्हिसने २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला तेच सांगून लेकर्स गाठले होते. गंमत बघा : ज्याने एकदा गाव सोडायचा हट्ट धरला तो, आणि ज्याने कधीच धरला नव्हता तो, दोघे एकाच रात्री एकमेकांच्या बदल्यात हलवले गेले.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबई इंडियन्समध्ये परतला आणि पुढच्या महिन्यात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला. हिशोब बघितला तर चूक काहीच नव्हती. पण १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी इतकी हुर्यो झाली, की संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सभ्यपणे वागा म्हणून सांगावं लागलं. त्याच वानखेडेने तीन महिन्यांनी विश्वचषक जिंकून आलेल्या हार्दिकच्या नावाचा जयघोष केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने रवींद्र जाडेजा राजस्थानला देऊन संजू सॅमसन घेतला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर मी तोच वाद मराठीत ऐकला. हिशोबनीस, पातेलंवाला, सगळे भिडू हजर होते. फक्त एप्रन नव्हता.

चेन्नईवाल्या एका शेजाऱ्याला मी विचारलं, "धोनीला दिला असता तर?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मी विषय बदलला.

*

भाच्याच्या घरचं हिवाळी अधिवेशन पुन्हा सुरू झालं. पावभाजी, यंत्र, वाद. मला पुन्हा मांडण्या यायला लागल्या : तीन संघ, पाच खेळाडू, दोन हक्क, पगार शेवटच्या डॉलरपर्यंत जुळलेले. मी यादी वरून खाली वाचली. ३२ क्रमांकाचा फ्लॅग कुठेच नव्हता. पण या वेळी कुणी "ते नाव सोडून" असं म्हटलं नव्हतं. मी फोनवर तसं बोलून दाखवलं.

"म्हणून काय उपयोग, मामा," तो म्हणाला. "आम्ही काय सोडायचं ते आम्हाला कोण विचारतं?"

मग जरा वेळाने, दुसरंच काही बोलता बोलता, त्याने सांगितलं की लेकीने हट्ट धरला म्हणून तिला फ्लॅगची जर्सी घेतली. दुकानात बायको म्हणत होती, एक साईज मोठी घे, वाढत्या अंगाची, दोन-तीन वर्षं तरी चालेल.

"मग?"

"मापाचीच घेतली."